ताप कितव्या दिवशी आला?

माझ्या तपासणीच्या टेबलावर एक उभं कॅलेंडर असतं आणि त्याच्या शेजारी पेन्सिल. प्रवासाहून परतलेला, अंगात ताप असलेला माणूस समोर बसला की मी नाडी बघते, जीभ बघते आणि मग पेन्सिल उचलते. निघालात कधी? परत कधी आलात? ताप पहिल्यांदा चढला तो दिवस कोणता? तीन तारखांभोवती तीन गोल. एकवीस वर्षं ताप बघितल्यावर माझं असं ठाम मत झालंय की या तीन गोलांइतकी स्वस्त आणि उपयोगी तपासणी दुसरी नाही. ती बहुतेक वेळा केली जात नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाहीत.

न सांगण्यामागे लपवाछपवी नसते. मागच्या पावसाळ्यात एक जोडपं आलं होतं. त्याला तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, डोळे तांबारलेले. मी विचारलं, "मधे कुठे बाहेर गेला होतात?" तो म्हणाला, "नाही." दहा मिनिटांनी, मी रक्ताच्या तपासण्या लिहीत असताना, बायको म्हणाली, "थायलंडला जाऊन आलो, पण त्याला आठवडा होऊन गेला." त्यांच्या लेखी ती सहल संपली होती. बॅगा माळ्यावर गेल्या, फोटो सगळ्यांना पाठवून झाले, ऑफिस सुरू झालं. शरीराच्या लेखी मात्र ती सहल अजून चालूच होती. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात. परतीच्या विमानात बसायच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या बागेत डास चावला असेल, तर ताप घरी पोचल्यावर, आपल्याच अंथरुणात येणार.

मुरण्याचा हा काळ प्रत्येक विषाणूचा वेगळा. चिकुनगुन्या बहुधा ३ ते ७ दिवसांत उठतो. झिकाला ३ ते १४ दिवस लागतात. पीतज्वर ३ ते ६ दिवसांत. वेस्ट नाईल २ ते १४. जपानी मेंदूज्वर जरा रेंगाळतो, ५ ते १५. सगळे एकत्र धरले तर एक ढोबळ हिशोब हाती येतो: परतल्यापासून दोन आठवडे उलटल्यावर पहिल्यांदा ताप आला, तर डासांनी दिलेल्या या विषाणूंचा संशय बराच मागे पडतो आणि दुसरं काहीतरी शोधावं लागतं. हाच हिशोब उलट्या बाजूनेही चालतो. एक गृहस्थ आले होते, त्यांना सहलीच्या दुसऱ्याच संध्याकाळी ताप भरला होता आणि रिसॉर्टवाल्यांवर ते फार चिडलेले होते. डेंग्यू निघाला. कॅलेंडरवर मागे मोजून दाखवलं तेव्हा लक्षात आलं, की त्यांना चावलेला डास त्यांच्या स्वतःच्या घराजवळचा होता. त्यांनी घरी जाऊन कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या केल्या. रिसॉर्टशी भांडून ते झालं नसतं.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे डासांमार्फत येणाऱ्या या विषाणूंच्या तापांकडे, वळण्याआधी मलेरियाबद्दल बोलते, कारण ते राहिलं तर बाकीचं सगळं लिहिणं व्यर्थ आहे. मलेरिया विषाणूचा आजार नव्हे, परजीवीचा आहे. पण पहिल्या दोन दिवसांत मलेरियाचा ताप आणि डेंग्यूचा ताप यांच्यात नुसतं बघून फरक करता येत नाही, आणि मी तो करायला जात नाही. मलेरिया असलेल्या भागातून आलेल्या माणसाला ताप आला की आधी मलेरिया, तो नाही हे सिद्ध होईपर्यंत. विशेषतः आफ्रिकेतून परतलेल्यांच्या बाबतीत एक रात्रसुद्धा थांबायचं नाही. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया डास चावल्यावर साधारण आठवड्यानंतर कधीही उठू शकतो, बहुतेकांना महिन्या-दोन महिन्यांत उठतो, आणि धडधाकट माणसाला थोड्या दिवसांत मृत्यूच्या दारात नेतो. पहिली स्लाइड, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला रक्ताचा थेंब, निगेटिव्ह आली म्हणून सुटका झाली असं समजू नये. १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा बघावी लागते. "व्हायरल असेल, जाईल दोन दिवसांत" या वाक्याची मला भीती वाटते ती यासाठी. ताप अंगावर काढण्याची आपल्याला सवय आहे. एरवी ती खपून जाते, प्रवासानंतर खपत नाही.

डेंग्यूची सुरुवात कशी होते ते पेशंटच्या तोंडून ऐकण्यासारखं असतं. साध्या सर्दीतापाच्या माणसाला नेमकं कधीपासून बरं वाटत नाहीये हे सांगता येत नाही. डेंग्यूचा माणूस वेळ सांगतो. "मंगळवारी दुपारी मीटिंगमध्ये होतो, एकदम थंडी वाजली." तासाभरात ताप १०३. कपाळ ठणकतं, आणि बुबुळ इकडून तिकडे फिरवलं तरी डोळ्यांच्या मागे दुखतं. हे मी मुद्दाम करून बघायला सांगते. मान न हलवता फक्त डोळ्यांनी खिडकीकडे बघा. माणूस कळवळतो. कंबर, मांड्या, पाठ अशी दुखते की हाडं कोणीतरी कुटून काढल्यासारखी वाटतात. इंग्रजीत या तापाला हाडमोड्या ताप असंच नाव आहे. तोंडाची चव जाते, मळमळतं. चेहरा, मान, छाती लालसर दिसते. छातीवर तळहात दाबून उचलला तर क्षणभर पांढरा पंजा उमटतो. आणि नाक वाहत नाही, घसा फारसा धरत नाही, खोकला बेताचा. सणसणून ताप आणि सर्दी अजिबात नाही, ही जोडी दिसली की मी सरसावून बसते.

कधीकधी मी एक जुनी चाचणी करते. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध दाबावर पाच मिनिटं तसाच ठेवायचा. सोडल्यावर कोपराच्या खाली एका चौरस इंचात दहा किंवा जास्त लाल ठिपके उठले तर चाचणी होकारार्थी. ती अचूक नाही, न उठलेल्या ठिपक्यांवर मी कधी विसंबत नाही. पण केशवाहिन्या नाजूक झाल्या आहेत हे पेशंटला स्वतःच्या हातावर दिसतं, आणि मग तो पुढचं नीट ऐकतो.

पुढचं म्हणजे हे: डेंग्यूमध्ये ताप उतरतो तो दिवस सगळ्यात जपायचा. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो. घरातले सुटकेचा श्वास टाकतात. बहुतेकांच्या बाबतीत तो योग्यच असतो. पण काहींच्या शरीरात नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर, पोटात, फुप्फुसांभोवती जातं. उरलेलं रक्त दाट होतं. हे पाझरणं २४ ते ४८ तास चालतं, आणि जीव त्याच तासांत वाचतो किंवा जातो.

काही वर्षांपूर्वी एका पंचविशीतल्या मुलाच्या आईचा मला सकाळी फोन आला. मुलगा मित्रांबरोबर व्हिएतनामला जाऊन आला होता, परतल्यावर चौथ्या दिवशी ताप, डेंग्यूचं निदान झालेलं, घरीच होता.

"डॉक्टर, आज ताप गेला बघा. नॉर्मल आहे."

"बरं. काय करतोय तो?"

"झोपलाय. रात्री पोटात दुखत होतं, तीनदा उलटी झाली. आता शांत झोपलाय."

"लघवीला शेवटचं कधी गेला?"

ती थांबली. "रात्री... नऊच्या सुमारास असेल."

"हात लावून बघा. तळवे कसे लागतायत?"

"गार आहेत. ताप नाही ना आता."

"त्याला उठवा आणि लगेच निघा. अंघोळ, कपडे काही करत बसू नका."

तो आला तेव्हा चालत आला. उत्तरं देत होता, पण प्रत्येक उत्तराआधी थोडा वेळ लागत होता. रक्तदाब १०० आणि ८४. वरचा आकडा ऐकून नातेवाईक म्हणाले, ठीक आहे की. पण दोन आकड्यांमधलं अंतर फक्त १६ होतं. ते २० किंवा त्याहून कमी झालं की शरीर कोसळण्याच्या काठावर आहे असं समजायचं, वरचा आकडा कितीही बरा दिसो. दोन दिवसांपूर्वी त्याचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ४१ होतं. त्या सकाळी ५० आलं. रक्त चढवल्याशिवाय दोन दिवसांत लाल पेशी एवढ्या वाढत नाहीत. पाणी कमी झालं होतं. त्याला शिरेतून सलाइन सुरू झालं, मोजून, दर थोड्या वेळाने तपासून, कारण कमी पडलं तर रक्तदाब जातो आणि जास्त झालं तर तेच पाणी पुढे फुप्फुसात साठतं. दोन रात्री मी त्याची लघवी मोजणाऱ्या नर्सला तासातासाला फोन करत होते.

त्या दोन दिवसांत त्याच्या घरच्यांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: प्लेटलेट किती? त्या ३८ हजारांपर्यंत गेल्या होत्या. काका रक्तपेढीत जाऊन चार दाते उभे करून आले. प्लेटलेट चढवल्या नाहीत, कारण त्याला कुठून रक्त जात नव्हतं आणि नुसता आकडा सजवून काही साधत नाही. मला हे कळकळीने सांगायचंय. आपण सगळे त्या एका आकड्याला चिकटून बसलो आहोत. प्लेटलेट ८० हजार असलेला माणूस पाझरण्याने दगावू शकतो आणि २५ हजारवाला जेवून-खाऊन घरी जातो. बघायचं ते हे: पोटात सतत, जोरात दुखणं. थांबत नसलेल्या उलट्या. हिरड्या, नाक किंवा शौचातून रक्त. दम लागणं. एकदम ग्लानी, किंवा उलट, अस्वस्थपणा, जागेवर न टिकणं. गार, चिकट हातपाय. लघवी कमी होणं. यातलं एकही दिसलं तर थर्मामीटर काय म्हणतोय ते सोडून द्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही पायांवर लालभडक पुरळ उठलं आणि त्यात मधेमधे पांढरे गोल राहिले, लाल समुद्रात पांढरी बेटं असावीत तसे. तळवे आणि तळपाय भयंकर खाजत होते. आई पुन्हा घाबरली. मी मात्र ते पुरळ बघून खुर्चीत टेकले. ही बेटं बहुधा बरं होताना दिसतात.

तपासण्यांबद्दलही दिवस मोजावेच लागतात. एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी. आठव्या दिवशी ती केली आणि निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ डेंग्यू नाही असा होत नाही. आयजीएम ही प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, चाचणी उलट, पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येते आणि साधारण पाचव्या दिवसापासून बोलायला लागते. चुकीच्या दिवशी केलेल्या योग्य तपासणीने फसलेले कितीतरी लोक माझ्याकडे फाइल घेऊन येतात. त्यात आणखी एक गुंता: डेंग्यू, झिका, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे एकाच कुळातले विषाणू आहेत. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत हात वर करतात. प्रवासाआधी पीतज्वराची किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तरी रिपोर्ट गोंधळतो. म्हणून लसीचं कार्ड पासपोर्टसोबत कपाटात न ठेवता माझ्याकडे घेऊन या, अशी माझी विनंती असते.

औषधाचं एकच सांगते. डेंग्यूचा संशय असेपर्यंत अ‍ॅस्पिरिन नाही, आयब्युप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही. रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि यकृताला सूज असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं हे लोक विसरतात आणि दोन्हीकडून घेतात.

हे वेदनाशामकाचं पथ्य किती अवघड आहे हे मला ज्या वर्षी कळलं, त्या वर्षी मी स्वतः चिकुनगुन्या घेऊन आले.

बालीहून परतून पाच दिवस झाले होते. दुपारी साडेतीनला एका आजोबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझं मनगट वाकेना. वाटलं, आखडलं असेल. अर्ध्या तासात दोन्ही मनगटं, मग घोटे. चारला मला हुडहुडी भरली. घरी जाऊन जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढले. रात्री ताप १०३.६. पण ताप मला आठवतच नाही फारसा. आठवतात ते हात. बोटांची पेरं सुजून चकाकत होती. अंगठी साबण लावून, रडत काढली. बाटलीचं झाकण फिरत नव्हतं. केसांना रबर लावता येईना, तो नवऱ्याने लावला. पहाटे अंथरुणातून उतरून जमिनीवर पाऊल टेकवलं की घोट्यातून अशी कळ जायची की मी पुन्हा बसायचे आणि पाच मिनिटं धीर गोळा करायचे.

डेंग्यू हाडामांसात दुखतो, चिकुनगुन्या सांध्यांत. डेंग्यूचा पेशंट "सगळं अंग" म्हणतो, चिकुनगुन्याचा पेशंट बोट ठेवून दाखवतो: इथे, इथे आणि इथे, दोन्ही बाजूंना सारखंच. सूज दिसते. पण दोन्ही विषाणू एकाच एडिस डासाकडून येतात, एकाच गावात असतात, क्वचित एकाच माणसात एकाच वेळी असतात. त्यामुळे डेंग्यू नाही हे कळेपर्यंत मी सुजेवरची गोळी घेऊ शकत नव्हते. गोळ्यांचा डबा उशाशी होता. तीन रात्री मी त्याच्याकडे बघत पॅरासिटामॉलवर काढल्या. ज्यांना मी "थोडं सहन करा" असं इतक्या वर्षांत सहज म्हणत आले, ते सगळे मला त्या रात्री आठवले. आता मी ते वाक्य वापरत नाही.

चिकुनगुन्या हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंदे लोकांच्या भाषेतला, अर्थ साधारण "वाकवून टाकणारा". १९५२ साली आजच्या टांझानियातल्या माकोंदे पठारावर साथ आली तेव्हा वाकून चालणाऱ्या माणसांना बघून त्यांनी हे नाव ठेवलं. डॉक्टरांनी ठेवलेल्या कुठल्याही नावापेक्षा ते खरं आहे. मी जवळजवळ चार महिने सकाळी वाकून चालले. तापाचा आठवडा संपतो आणि लोक विचारतात, "आता बरी आहेस ना?" सांधे मात्र अनेकांचे महिनोनमहिने, काहींचे वर्षावर्ष धरलेले राहतात. त्याबरोबर थकवा आणि एक प्रकारची उदासी येते. डेंग्यूनंतरही येते. ती खरी असते, मनाचे खेळ नसतात.

आजारी असताना पहिला आठवडा मी दिवसाही मच्छरदाणीत होते. बघायला आलेल्यांना नवल वाटलं: आता कशाला, चावायचा तो चावून गेला! पण मी माझ्यासाठी नव्हते त्यात. तापाच्या पहिल्या आठवड्यात रोग्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. घरातला साधा, निर्दोष एडिस त्याला चावला, की आठ-दहा दिवसांत तो डास शेजाऱ्याला आजार देऊ लागतो. २००७ च्या उन्हाळ्यात इटलीत हेच घडलं. भारतातून आलेला एक प्रवासी तापात असताना राव्हेन्ना प्रांतातल्या एका छोट्या गावात नातेवाइकांना भेटायला गेला. तिथे एडिस अल्बोपिक्टस, पट्टेरी वाघडास, आधीच स्थायिक झालेला होता. काही आठवड्यांत त्या गावात आणि शेजारच्या गावात मिळून दोनशेहून अधिक लोक चिकुनगुन्याने आजारी पडले. त्यांतल्या बहुतेकांनी कुठलाही प्रवास केलेला नव्हता. त्याआधी २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला हा आजार झाला होता, आणि विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात झालेल्या एका छोट्या बदलामुळे तो वाघडासात जास्त सहज वाढू लागला होता. तोच बदल असलेला विषाणू इटलीत पोचला. त्या प्रवाशाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला काय माहीत. पण मला माहीत होतं, म्हणून मी मच्छरदाणीत राहिले.

झिकाबद्दल लिहायला मी नेहमी कचरते, कारण त्याच्या लक्षणांबद्दल सांगण्यासारखं थोडंच असतं आणि परिणामांबद्दल फार. पाचांतल्या चौघांना काहीच होत नाही. पाचव्याला बारीक ताप, कधी तोही नाही. चेहऱ्यापासून सुरू होऊन अंगभर पसरणारं खाजरं पुरळ, हाताच्या लहान सांध्यांत दुखणं, आणि डोळे लाल, पण चिपडं नाहीत. दोन ते सात दिवसांत सगळं निवळतं. या विषाणूचा शोध १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात लागला आणि त्यानंतर साठ वर्षं त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. २००७ मध्ये पॅसिफिकमधल्या याप बेटावर त्याची पहिली मोठी साथ आली. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मू लागली, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी जाहीर केली.

एक जोडपं माझ्याकडे पुरळ दाखवायला आलं होतं. पुरळ तिला, त्याला काहीच नाही. दक्षिण अमेरिकेतून परतून नऊ दिवस. त्यांना खाज थांबवणारं मलम हवं होतं, दहा मिनिटांचं काम. मी तीन गोल काढले, तिचे डोळे बघितले आणि विचारलं, "बाळाचा विचार चालू आहे का?" दोघं एकमेकांकडे बघत गप्प राहिले. तीन वर्षं प्रयत्न चालले होते आणि पुढच्या महिन्यात उपचारांची पुढची फेरी ठरलेली होती.

झिका डासाशिवाय शरीरसंबंधातूनही जातो. २००८ मध्ये सेनेगलहून अमेरिकेत परतलेल्या एका संशोधकाकडून त्याच्या कधीही तिकडे न गेलेल्या पत्नीला तो झाला, तेव्हा डॉक्टरांना याची पहिली चाहूल लागली. वीर्यात तो रक्तापेक्षा बराच जास्त काळ राहतो. म्हणून सल्ला असा, की झिकाच्या भागातून आल्यावर, लक्षणं असोत-नसोत, गर्भधारणेआधी पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने थांबावं, आणि बायको आधीच गरोदर असेल तर संपूर्ण गरोदरपणात निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. त्या दोघांच्या तपासण्यांनी स्पष्ट उत्तर दिलं नाही. तिला पूर्वी डेंग्यू झालेला होता आणि प्रतिपिंडं एकमेकांत मिसळली. त्यांनी थांबायचं ठरवलं. तीन महिन्यांनंतरच्या तारखेभोवती तिने स्वतः माझी पेन्सिल घेऊन गोल काढला.

बाकीचे विषाणू प्रवाशांमध्ये कमी दिसतात, पण त्यांची एकेक खूण लक्षात ठेवावी. पीतज्वरात तीन-चार दिवस ताप येतो, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि साधारण सातातल्या एकाला त्यानंतर कावीळ, रक्तस्राव, मूत्रपिंडं बंद पडणं असा दुसरा आघात होतो. पण याची लस उत्तम आहे. एक मात्रा पुरते, तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. म्हणून ही लस विमानाच्या आदल्या दिवशी घेऊन भागत नाही. जपानी मेंदूज्वर भातशेती, डुकरं आणि पाणपक्षी यांच्या जवळच्या क्युलेक्स डासांकडून येतो. संसर्ग झालेल्या सुमारे अडीचशे जणांत एकालाच आजार गंभीर होतो, पण मेंदूला सूज आलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा दगावतो. वेस्ट नाईलमध्ये गंभीर आजाराचं प्रमाण दीडशेत एक, आणि त्यात साठीपुढचे जास्त. तापाबरोबर असंबद्ध बोलणं, मान ताठ होणं, झटका, हातापायातलं बळ जाणं, यातलं काही दिसलं तर निदान काय याचा विचार घरी बसून करायचाच नाही.

तो व्हिएतनामहून आलेला मुलगा दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आला, यावेळी धडधाकट. त्याला इंडोनेशियात सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. डेंग्यू एकदा झाला की पुन्हा होत नाही ना, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. मला ते खोडून काढावं लागलं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा झाला त्यापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून काही महिनेच. आणि दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडं विषाणूला अडवण्याऐवजी त्याला पेशींत शिरायला मदत करू शकतात, त्यामुळे दुसऱ्या वेळेचा डेंग्यू जास्त वाईट होण्याचा धोका असतो. जाऊ नकोस असं मी म्हटलं नाही. एडिस दिवसा चावतो, सकाळच्या पहिल्या उन्हात आणि संध्याकाळ व्हायच्या आधी सगळ्यात जास्त, म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरणार नाही. डीट किंवा पिकॅरिडिन असलेलं, डास दूर ठेवणारं मलम सनस्क्रीननंतर, त्याच्या वर लावायचं. खोलीजवळ साठलेलं पाणी दर आठवड्याला ओतून द्यायचं. लसीबद्दल आम्ही वेगळे बसून बोललो.

मग त्याने पासपोर्ट उघडून मला दाखवला. आतल्या कव्हरच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर त्याच्या अक्षरात पहिल्या आजाराची तारीख, एनएस-१ पॉझिटिव्ह, हिमॅटोक्रिट ४१ ते ५०, रक्तगट, आणि खाली त्याच्या आईने लिहिलेलं: "ताप उतरला तरी लघवी विचारा."

मी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला, आणि त्याच्या जायच्या तारखेभोवती गोल काढला.